हेडाऊबाबूंची ट्रायल

समस्त नागपूरकर पुरुषांना, आणि त्यातही ज्यांच्या पोटाने चाळिशीनंतर आपला वेगळा संसार थाटला आहे अशा पुरुषांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, या शहरात आता शर्ट पाहून देणारा माणूस उरलेला नाही. दुकानं आहेत. काचेच्या दारांची, गार हवेची, आत शिरलं की आपलेच कपडे आपल्याला जुने वाटायला लावणारी. शर्ट तर इतके आहेत की सगळे एका दोरीवर वाळत घातले तर दोरी थेट भिवापूरला पोचावी. पण त्यातला आपला कोणता, हे डोळे मिटून सांगणारे हेडाऊबाबू गेल्या हिवाळ्यात गेले, आणि तेव्हापासून आम्ही सगळे अंदाजाने कपडे घालत आहोत. पेपरात त्यांच्याबद्दल दोन ओळी आल्या. ‘सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक.’ म्हणजे समुद्राबद्दल विचारावं आणि कोणी ‘खारट असतो’ एवढंच सांगावं, तसं झालं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. सिव्हिल लाइन्समधलं आमचं ऑफिस जुनं, उंच छताचं. दुपारी पंखे फिरत ते वाऱ्यासाठी नव्हे, आपण अजून आहोत हे सांगण्यासाठी. नव्या पांढऱ्या शर्टात मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, खांद्याकडे पाहिलं, आणि अगदी मायेने विचारलं,

“हा शर्ट कोनाचा आहे गा?”

माझाच, म्हणालो.

“घेतला तुह्यासाठी असन. पन आहे कोनाचा?”

आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला नागपुरात आले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात कपडा एक माप मोठाच घेतात. पुढे अंगाला येईल, हा आमचा कुलमंत्र. अंगाला काही आलं नाही, पण मंत्र चालू राहिला. हेडाऊबाबूंनी हे सगळं त्या एका शिवणीत वाचलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते मला सायकल स्टँडपाशी गाठून म्हणाले की चल, तुला तू दाखवतो. आणि आम्ही सीताबर्डीला निघालो.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात त्यांचा दरबार भरत असे. मालक त्यांना काकाजी म्हणत, आणि ते दारात दिसले की एक स्टूल पुढे ओढत. स्टूल हेडाऊबाबूंसाठी नसे, गिऱ्हाइकासाठी असे. शर्ट बसून घ्यावा, हा त्यांचा पहिला नियम. उभा माणूस पोट ओढून धरतो, छाती काढतो, जरा वेळ सेनापती होतो. खरा माणूस बसल्यावर बाहेर येतो, आणि शर्ट त्या खऱ्याला पुरला पाहिजे.

पडदा सारून माणूस बाहेर आला की पहिली आज्ञा होई: आरशाकडे पाठ कर. दुकानातल्या आरशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘आरसा दुकानदाराचा नोकर आहे,’ असं ते मालकांच्या तोंडावर म्हणत, आणि मालक कौतुकाने हसत. मग ते खांद्याची शिवण पाहत. ती खांदा संपतो तिथे संपली पाहिजे. खाली उतरली तर शर्ट नव्हे, बैलाची झूल. मग पाणी प्यायला लावत आणि ‘हो’ म्हणत मान डोलवायला सांगत. लग्न झालेल्या माणसाला कॉलरमध्ये एवढी जागा लागतेच, असं त्यांचं मत. मग स्टुलावर बसवून पोहे खायला लावत. पोहे अर्थात हवेतले. पण त्यावर तर्रीचा रस्सा घालायला लावत, आणि माणूस हवेतल्या पोह्यांवर हवेतली तर्री घालत असताना बाही ताटात बुडते का, ते डोळे बारीक करून पाहत. मग एखाद्या वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला नमस्कार करायला सांगत. वाकल्यावर शर्टाचं शेपूट पँटीबाहेर आलं की संपलं. “आशीर्वाद घेऊन राहिला का मागून वारा घेऊन राहिला?” असं विचारून ते शर्ट परत पाठवत. ज्यांना नमस्कार घडे ते अनोळखी आजोबा मात्र खरंच आशीर्वाद देत. त्या दुकानात मी असे कितीतरी फुकटचे आशीर्वाद मिळवले आहेत.

सगळ्यात शेवटी, या सगळ्यातून शर्ट पार पडला तर, गळाभेट.

होय. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, हेडाऊबाबू त्या माणसाला मिठी मारत. डोळे मिटून. दोन्ही तळवे पाठीवर. दुकानात नवा आलेला माणूस गोंधळून जाई, पण जुने सेल्समन घड्या घालायचे थांबत. तो एक क्षण असा असे की जणू कोणीतरी देवळाचं दार किलकिलं केलं आहे आणि आत काय आहे ते अजून दिसायचं आहे. त्यानंतर दोनपैकी एक निकाल येई. “काढ,” किंवा “हाच. करा पॅक.”

मी एकदा विचारलं, मिठी कशाला? डोळ्यांना दिसत नाही का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

“शर्ट आरशासाठी नसते गा मुकुंदा. कोनी गळ्याशी लागते, त्याच्यासाठी असते. त्याले आतला मानूस लागला पायजे. कपडा नाही.”

त्या पहिल्या संध्याकाळी माझा निकाल पाचव्या की सहाव्या शर्टाला लागला. बाहेर आलो तेव्हा बर्डीवर दिवे लागले होते. रस्ता तोच, गर्दी तीच, पण मला वाटलं मी जरा कमी जागा व्यापतो आहे, आणि व्यापतो ती सगळी माझीच आहे. घरी आई म्हणाली, आज उंच दिसतोयस. शर्टाकडे तिचं लक्षही गेलं नाही. हेडाऊबाबूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग बरोबर.

आता खुद्द हेडाऊबाबू. हाडकुळी मूर्ती, करकोच्यासारखी मान, डोळे नेहमी अर्धे मिटलेले, जणू आतल्या आत काहीतरी पाहायचं राहिलं आहे आणि बाहेरच्यांनी जरा थांबावं. आणि अंगात? अंगात पातळ चहाच्या रंगाचा एक अफाट शर्ट. त्यात एक हेडाऊबाबू मावून एक पाहुणा राहू शकला असता. ऑफिसच्या दारातून आधी शर्ट आत येई, मग थोड्या वेळाने हेडाऊबाबू. वारा असला तर उलटही होई. शर्ट बदलले तरी माप बदलत नसे आणि रंगही नसे. दिव्याखाली अंधार, असं आम्ही म्हणत असू, आणि तेही ऐकून हसत. पण कोणी त्यांच्यासाठी शर्ट पाहायचा विषय काढला की त्यांना अचानक एखादी फाइल आठवे.

त्यांच्या पराक्रमांचं सांगायचं तर शेंड्याच्या लग्नापासून सुरुवात केली पाहिजे. शेंडे आमच्या आस्थापना शाखेत होता. लग्न मे महिन्यात, दुपारी. नागपूरच्या मे महिन्यात शेरवानी घातली तर नवरदेवाचा रस्सा होतो, म्हणून त्याने साधा शर्ट घालायचं ठरवलं आणि हेडाऊबाबूंना शरण गेला. हेडाऊबाबूंनी नवरीला भाऊ किती, एवढंच विचारलं. चार, आणि चारही तालमीतले, हे कळल्यावर ते गंभीर झाले. आमच्याकडे हार घालायच्या वेळी नवरीचे भाऊ तिला वर उचलतात, आणि नवरदेवाला आभाळाला हात लावावा लागतो. काखेत शर्ट तंग असला तर पूर्ण वऱ्हाडाच्या साक्षीने शर्ट वर आणि बनियन बाहेर.

मग त्यांनी काय करावं? दुकानात काचेमागे एक पुतळा होता, निळा सूट घातलेला, नाकाचा रंग उडालेला. दोन सेल्समनना त्यांनी तो पुतळा बाहेर आणून डोक्याच्या वर उचलायला लावला. मोजमापाच्या टेपचा हार केला. आणि शेंड्याला सांगितलं, घाल. शेंडे टाचा उंचावून त्या निळ्या सुटातल्या नवरीला हार घालायला धडपडू लागला. सेल्समनना चेव आला, ते तिला आणखी उंच करू लागले. पलीकडच्या काउंटरवरच्या बायकांनी साड्या निवडायचं सोडून इकडे पाहायला सुरुवात केली, आणि एका मावशींनी तर खाकरून मंगलाष्टक धरलं. सहा शर्ट बाद झाले. सातव्यात हार पडला आणि शेपूट जागेवर राहिलं.

लग्नात तसंच घडलं. भावांनी तिला असं काही उचललं की ती मांडवाच्या झालरीला लागली. शेंडे वर झेपावला. सगळे नवरीकडे पाहत होते. हेडाऊबाबू एकटे नवरदेवाच्या मागे उभे राहून त्याच्या कमरेकडे पाहत होते. हार पडला, टाळ्या झाल्या, आणि ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज ओला होता. “नाही निघाला,” ते म्हणाले.

दुसरा प्रसंग आमच्या एका साहेबांचा. माणूस हुशार, पण पोटाच्या बाबतीत हळवा. पोट लपावं म्हणून ते काळे, गडद निळे, उभ्या रेघांचे शर्ट घालत आणि दिवसभर श्वास रोखून बसत. श्वास रोखलेला माणूस सही करत नाही, चिडतो. सगळं ऑफिस त्या पोटाखाली दबलेलं होतं. वरून मोठ्या साहेबांची भेट ठरली तेव्हा त्यांनी हेडाऊबाबूंना गुपचूप सोबत नेलं आणि पोट दिसणार नाही असं काहीतरी पाहा, म्हणाले. हेडाऊबाबूंनी त्यांच्यासमोर आभाळी रंगाचा, पोटावर मोकळा, खांद्यावर चोख असा शर्ट ठेवला. साहेब म्हणाले, यात तर पोट दिसतं.

“आहे तर दिसनच ना साहेब. शर्टानं खोटं बोलू नाही. त्याले जागा द्या. जागा भेटली का ते गुपचूप बसते.”

साहेबांनाही मिठी पडली, हे मी तिथे हजर होतो म्हणून सांगतो. निकाल ‘करा पॅक’ असा लागला. दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत सैल बसले, लांब श्वास सोडला, आणि कित्येक दिवसांच्या फाइली खाली आल्या. आमच्या ऑफिसात तो आभाळी शर्ट पुढे वर्षानुवर्षं शुभ मानला जात असे. साहेब तो घालून आले की लोक रजेचे अर्ज काढत.

शर्टानं खोटं बोलू नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते त्यांच्याच अंगावर आलं.

संध्याकाळी कधी कधी आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर बसत असू. हातात भाजलेला भुट्टा, समोर पाणी, आणि मागून सबंध शहर फिरायला निघालेलं. हेडाऊबाबू पाण्याकडे पाठ करून बसत. त्यांना शर्ट पाहायचे असत. ते डोळे अर्धे मिटत आणि हळू आवाजात वाचू लागत. तो पाहा, इंटरव्ह्यूचा शर्ट आहे, नोकरी अजून लागली नाही. तो मोठ्या भावाचा आहे, भावाला माहीत नाही. आणि तो, तो बायकोनं घेतला आहे. प्रेमानं घेतला, पण माप तिच्या मनातल्या माणसाचं आहे. उन्हं उतरत, माणसांचे चेहरे अंधुक होत, आणि शेवटी खरंच असं वाटू लागे की काठावरून फक्त शर्ट चालले आहेत, पांढरे, निळे, पिवळट, आणि प्रत्येकाच्या आत कोणीतरी आपल्याला बरोबर बसायची वाट पाहत आहे.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांना त्यांच्या शर्टाचं विचारलं. फाइल आठवायला तिथे फाइल नव्हती. ते बराच वेळ भुट्ट्याचे दाणे काढत राहिले. मग त्यांनी त्या अफाट शर्टाची उजवी बाजू मुठीत धरून मागे ओढली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरला होता.

हेडाऊ म्हणजे उमरेडचे कोष्टी. घरी हातमाग. दम्याने वडिलांचा माग सुटला आणि शाळेत जाणारा पोर त्या जागी बसला. धोटा इकडून तिकडे पळवायची दोरी उजव्या हाताने ओढायची, दिवसभर.

“अंग वाढून राहिलं होतं,” ते म्हणाले. “खांदा नाही वाढला. तो मागापाशीच राहून गेला.”

तयार शर्ट सारख्या खांद्यांच्या माणसांसाठी असतात. ह्यांनी घातला की उजवीकडे घसरे, बटणांची रांग वाकडी होई, कॉलर एका कानाकडे जाई. कॉलेजात मुलं हसली. मग त्यांनी असा मोठा शर्ट घेतला की ज्यात खांदा कुठे आहे ते कोणाला कळूच नये.

“मले एक सपन पडते,” त्यांनी सांगितलं. स्वप्न नेहमी उमरेडच्या त्यांच्या गल्लीत सुरू होई. दोन्ही बाजूंना रंगवलेलं ओलं सूत वाळत घातलेलं, हिरवं, जांभळं, कुंकवासारखं, आणि त्यातून वारा सावकाश चाललेला. गल्लीतून ते चालत असत. अंगात शर्ट असे, पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते लागत नसे. समोरून कोणीतरी हात पसरून येई. कोण, ते कधी दिसलं नाही. मिठी पडायच्या आत जाग येई, आणि त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे जाई.

त्यांच्यामागे फुटाळ्याचं पाणी तांबूस झालं होतं. त्यांनी शर्ट सोडून दिला आणि तो पुन्हा तंबूसारखा झाला.

मग त्यांच्या मंजिरीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, कंपनीत नोकरी करणारी, वडिलांचे अर्धे मिटलेले डोळे आणि आईची अख्खी जीभ घेऊन आलेली. मुलगा इंजिनीअर, घर भिवापूरचं, वडील दिघोरेजी मिरचीचे व्यापारी. दिघोरेजी हेडाऊबाबूंच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर बोलणी करायला आले, तेव्हा मीही होतो. रांगडा, मोकळा माणूस. उजव्या खांद्यावर पांढऱ्या दुपट्ट्याची जाड घडी, ती ते जेवतानाही खाली ठेवेनात. पाहुणे गेल्यावर हेडाऊबाबू अस्वस्थ होऊन फेऱ्या घालू लागले. जावई चांगला, घर चांगलं, माणूस चांगला. पण त्या दुपट्ट्याखाली शिवण दिसत नाही.

“मानसाचा खांदा पायल्याशिवाय पोरगी कशी द्याची?”

“पोरगी खांद्याले देऊन राहिले का तुम्ही?” आतून हेडाऊवहिनींनी विचारलं, आणि विषय संपला.

मंजिरीने मात्र एक अट घातली. आमच्याकडे वरात दाराशी आली की दोन्ही व्याही मांडवाच्या दारात एकमेकांना भेटतात, गळ्याशी लागतात, सगळे नातेवाईक बघत उभे असतात. तिचं म्हणणं एवढंच की त्या भेटीला बाबांनी आपल्या मापाचा शर्ट घालायचा. तंबू नाही. दागिना कमी करा, जेवणात एक पक्वान्न कमी करा, पण हे पाहिजे. हेडाऊबाबूंनी बस्त्याची कामं काढली, मंडपवाल्याचं काढलं, ऊन काढलं. ती ऐकेना. शेवटी मला मध्यस्थ नेमून आम्ही तिघं बर्डीला गेलो.

मालकांनी सवयीने स्टूल पुढे ओढलं, आणि मग त्यांना कळलं की आज गिऱ्हाईक कोण आहे. सगळं दुकान शिस्तीत उभं राहिलं. हेडाऊबाबू पडद्याआड गेले आणि बाहेर आले. गेले आणि आले. प्रत्येक शर्ट उजवीकडे घसरत होता, आणि ते आरशाकडे पाठ करून उभे होते तरी आमच्या चेहऱ्यांवर त्यांना सगळं दिसत होतं. मालक शेवटी हळूच म्हणाले की काकाजी, उजवीकडे आतून पॅड टाकून देतो, कोणाला समजणारही नाही.

हेडाऊबाबू ताठ झाले. “शर्टानं खोटं बोलू नाही,” ते म्हणाले, आणि खुंटीवरच्या आपल्या अफाट शर्टाकडे हात नेला.

मंजिरीने तो शर्ट आधीच काढून घेतला होता. ती तो छातीशी धरून उभी होती.

“आणि हा, बाबा?” ती म्हणाली. “हा काय खरं बोलून राहिला इतकी वर्षं?”

हेडाऊबाबू सावकाश स्टुलावर बसले. बसल्यावर खरा माणूस बाहेर येतो, हे मी सांगितलंच आहे. तो आला. थकलेला, म्हातारपणाकडे झुकलेला, उजवीकडे उतरलेला. मग त्यांनी दुकानातल्या शिलाई मास्तरांना बोलावलं आणि सांगितलं, पॅड नको. उजवा खांदा खाली उतरवा. आहे तेवढा.

शर्ट तयार झाला. कच्च्या सुताच्या रंगाचा, ना पांढरा, ना पिवळा. हेडाऊबाबूंनी आपली सगळी परीक्षा आपणच दिली. पाणी प्यायले, पोहे खाल्ले, एका गृहस्थांच्या पाया पडले; ते गृहस्थ त्यांच्यापेक्षा लहान होते आणि घाबरून उठले. शर्ट हलला नाही. उरली गळाभेट. ते माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षं मी मिठीच्या त्या बाजूला होतो, या बाजूला कधीच नव्हतो. मी डोळे मिटले आणि त्यांना कवेत घेतलं. एका हाताखाली खांदा वर होता, एका हाताखाली खाली होता, आणि शर्ट नव्हताच. पाणी जसं दगडावरून जातं तसा तो त्यांच्यावरून गेला होता. मला निकाल कळला. पण ते शब्द त्यांचे होते. माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, बरा वाटतो.

“बरा म्हंजे काढ,” ते म्हणाले, आणि पडद्याआड गेले. मंजिरीने तो शर्ट घरी आणला खरा, पण निकाल न लागलेला शर्ट हेडाऊबाबू घालतील का, हे तिलाही माहीत नव्हतं.

हेडाऊबाबू त्यानंतरही बरीच वर्षं होते. आजोबा झाले, नातवाच्या गणवेशावरून शाळेच्या शिंप्याशी भांडले. पण मला ते आठवतात ते तिथे, त्या लग्नाच्या लॉनवर.

गोरज मुहूर्त होता. हिवाळ्यातलं ऊन सोनेरी होऊन झालरींमध्ये अडकलं होतं, आणि वरातीची धूळ अगरबत्तीच्या धुरासारखी तरंगत येत होती. बँड जवळ येत चालला होता. मी हेडाऊबाबूंना शोधत मांडवामागे गेलो, तर ते आचाऱ्यांच्या चुलींजवळ उभे होते. अंगात पातळ चहाच्या रंगाचा तंबू. माझं तोंड उतरलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वरचं बटण काढून दाखवलं. आत कच्च्या सुताचा रंग होता. महाशयांनी दोन्ही शर्ट घातले होते, एकावर एक.

वरचा कधी काढणार, मी विचारलं.

“पाहून राहिलो,” ते म्हणाले. हिंमत झाली तर काढीन, नाही झाली तर हा आहेच.

तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. नवरीच्या खोलीच्या खिडकीत मंजिरी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, मागे मैत्रिणींनी धरलेला आरसा. तिने आरशाकडे पाठ केली होती. ती नुसती बघत होती. हेडाऊबाबूंनी मान खाली घातली आणि एकेक बटण काढू लागले. मग तो अफाट शर्ट त्यांनी माझ्या हातात दिला. तो ऊबदार होता, आणि आश्चर्य म्हणजे अगदी हलका होता.

ते मांडवाच्या दाराकडे निघाले. शर्टाने काही म्हणजे काही लपवलं नाही. उजवा खांदा पडका आहे, मान लांब आहे, हा माणूस लहानपणी मागावर बसला आहे, हे सगळं त्याने पाचशे पाहुण्यांना सांगून टाकलं. बायकांच्या रांगेत कोणीतरी कोणालातरी कोपर मारलं. हात कुठे ठेवावेत ते हेडाऊबाबूंना समजत नव्हतं. इतकी वर्षं ते त्या अफाट शर्टात हरवलेले असत.

समोरून दिघोरेजी आले. रिवाजाप्रमाणे मुलीकडच्यांनी व्याह्यांना नवा शेला पांघरवायचा, त्यासाठी कोणीतरी त्यांच्या खांद्यावरची दुपट्ट्याची घडी उचलून घेतली. ते नको, राहू द्या, म्हणत होते, पण बँडमध्ये कोणाला ऐकू येतं? घडी उचलली गेली, आणि मी पाहिलं. तरुणपणी मिरचीची पोती उजव्या खांद्यावरून वाहणाऱ्या त्या माणसाचा उजवा खांदा हेडाऊबाबूंच्या इतकाच, कदाचित बोटभर जास्तच, खाली उतरलेला होता. दिघोरेजींचा हात दुपट्टा शोधत खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

दोघं एकमेकांच्या खांद्यांकडे पाहत उभे होते. बँड थांबला. गुरुजी थांबले. मग हेडाऊबाबूंनी हात पसरले.

समोरासमोर उभ्या दोन माणसांचा उजवा खांदा एकमेकांच्या डाव्याशी येतो, हे मला त्या दिवशी समजलं. ह्यांच्या पडक्या बाजूला त्यांची चढती बाजू आली, त्यांच्या पडक्या बाजूला ह्यांची. कुठे फट राहिली नाही, कुठे चुणी पडली नाही. हेडाऊबाबूंनी डोळे मिटले. दोन्ही तळवे दिघोरेजींच्या पाठीवर टेकले. तो क्षण मी ओळखत होतो, सीताबर्डीच्या दुकानात कितीदा पाहिला होता, आणि मी हातातला जुना शर्ट घट्ट धरला. सगळा मांडव निःशब्द होता, धूळ सोनेरी होती, आणि त्या शांततेत, शेवटच्या रांगेतल्या आजींनाही ऐकू जाईल अशा आवाजात, हेडाऊबाबू बोलून गेले:

“हाच. करा पॅक.”